मागायच्या आत देणारे किसनआबा

किसनआबांकडे कोणी काही मागितलेलं मी कधी ऐकलं नाही, कारण मागायच्या आतच ते देऊन मोकळे व्हायचे. परतूरच्या शाळेत बदली होऊन मी त्यांच्या शेजारी राहायला आले, त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरवताना मी नुसतं इकडेतिकडे पाहिलं. एवढ्यात फेटा बांधलेला एक उंच म्हातारा पाण्याची कळशी घेऊन समोर हजर. "घ्या मॅडम. नळ उद्या येणार हाय." नळाला पाणी कधी येतं, हेच मी विचारणार होते.

आबांचा जन्म मेंढरांमागे गेला. कोणतं मेंढरू तहानलंय, कोणाच्या खुरात काटा मोडलाय, हे त्यांना लांबून कळायचं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मेंढरं वाटूरला धाकट्या मुलावर सोपवून ते परतूरला थोरल्याकडे आले. थोरला टेम्पो चालवायचा, निम्मा महिना बाहेरच. घरात सून सविता आणि नात गौरी.

गौरी साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर वळून बघत नव्हती. खिडकीच्या गजावरून बोट फिरवत तासन् तास बसायची. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोर स्वमग्न आहे. घरीच रोज सराव घ्या, जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं. मग आठवड्यातून एकदा तिथल्या एक ताई व्हिडिओ कॉलवर सविताला शिकवू लागल्या. मोबाइल धरायचं काम माझं. शेजारधर्म म्हणून सुरू झालं आणि मी त्यात नको तेवढी घुसले. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

सराव दिसायला सोपा होता. गौरीला शेंगदाणे आवडायचे. ते तिला दिसतील पण हाताला लागणार नाहीत असे ठेवायचे. ती आपला हात धरून तिकडे ओढायची. लगेच द्यायचं नाही. आपण 'दे' म्हणून दाखवायचं आणि थांबायचं. तिने ओठ हलवले, नुसता आवाज काढला, तरी तत्काळ एक दाणा आणि शाबासकी. मग पुन्हा पहिल्यापासून. दीड महिन्याने गौरीने दाण्याऐवजी सविताच्या तोंडाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं! त्या आनंदात सविताची भाजी करपली आणि कधी नव्हे ती ती खळखळून हसली.

पण सराव संपला की गौरी उठून बाहेर ओट्यावर जायची, आबांचं बोट धरायची, आणि आबांचा दुसरा हात कोपरीच्या खिशात गेलेला असायचा. मूठभर शेंगदाणे, वर गूळ.

"आबा, नका ना देऊ!" सविता रडकुंडीला यायची.

"अगं, लेकराला मागायला लावायचं? आपल्यात दारात आल्याल्या कुत्र्यालाबी मागावं लागत न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "मुकं जित्राब काय दरखास देतं का मॅडम? बघणाऱ्याला कळाय पाह्यजे."

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. खिसे रिकामे केले. हात मांडीखाली दाबून बसले. पण गौरीने माठाकडे मान जराशी वळवली की हा माणूस दुखरे गुडघे विसरून पेला भरायला उठलेलाच. "मी थांबून राह्यलो हो, हातच ऐकत न्हाईत," म्हणायचे आणि स्वतःच ओशाळायचे.

एका सकाळी गौरीच्या तोंडून 'द' सारखं काहीतरी निघता निघता राहिलं. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. सविता डोळे पुसत थांबून होती, मीही श्वास रोखून होते. रडणं ऐकून आबा आत आले आणि त्यांनी तिच्या दोन्ही मुठी शेंगदाण्यांनी भरल्या. गौरी गप्प झाली. सविता भिंतीला डोकं टेकून मटकन खाली बसली. माझा तोल गेला.

"आबा, तुम्ही या घरात आहात तोवर ही पोर बोलायची नाही!" मी म्हणाले. आणि आपलं म्हणणं वजनदार व्हावं म्हणून वर ठोकून दिलं, "ताईंचंही तेच म्हणणं आहे."

ताई असं अवाक्षरही बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी आबा पिशवी आणि काठी घेऊन एसटी स्टँडवर गेले. सविताला म्हणाले, "मेंढरांकडं ध्यान द्याया पाह्यजे." पुढच्या कॉलवर ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, आजोबा दिसत नाहीत? मी झालं ते सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, गौरी आपणहून जाते ती फक्त त्यांच्याचकडे. त्यांनाच थांबायला शिकवायचं होतं आपण." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तीन आठवड्यांनी गौरी स्पष्ट 'दे' म्हणाली. त्याच रविवारी मी वाटूरला गेले, आबांपुढे खोटं कबूल केलं आणि हात जोडून म्हणाले, घरी चला.

"बोलली?" त्यांनी तेवढंच धरलं.

"बोलली आबा. पण ते तुम्ही गेलात म्हणून नव्हे. तीन महिन्यांचा सराव..."

"मी तिकडून आलो अन् ती बोलली. मंग तुमचं बराबरच व्हतं की मॅडम. बिलकुल बराबर." त्यांच्या आवाजात राग असता तर मी पाय धरले असते. ते खरंच खूश होते. त्यांची ही समजूत मी कशाने दूर करणार होते?

दिवाळीनंतर ते एका दुपारपुरते आले. तोवर गौरी दोन-तीन शब्द जोडू लागली होती. मिक्सरच्या आवाजाला अजून कान झाकून किंचाळायची, हाकेला कधी वळायची, कधी नाही. आबा दाराशी बसले. गौरीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग येऊन त्यांचं बोट धरलं आणि बाहेर ओढू लागली. समोरच्या बोळात शेळ्या आल्या होत्या. तिला काय हवंय ते आबांना कळलं होतं. ते अर्धे उठले आणि तसेच थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, उठू का?"

स्वतःच्या मुलाच्या घरात, स्वतःच्या नातीसाठी, त्यांनी मला विचारलं. मी काही बोलेपर्यंत गौरीने त्यांचं बोट सोडलं, सविताकडे गेली आणि म्हणाली, "आई, चल."

"बगा," आबा खाली बसत म्हणाले, "किती साफ बोलली." त्यांचे डोळे भरले होते. सविता गौरीला घेऊन शेळ्यांकडे गेली. आम्ही दोघं आतच बसून राहिलो.

त्याच थंडीत वाटूरला आबा वारले. 'उठा आबा' एवढे दोन शब्द त्या दुपारी माझ्या तोंडून वेळेवर निघाले नाहीत.