मग मुराळी आला का?

नव्वद सालानंतरची काही वर्षं मी बारामतीत खोली घेऊन नोकरी करत होतो आणि उरलेल्या वेळात कथा लिहून स्वतःला छळत होतो. लघुकथेचा जाच फार वाईट. कादंबरीवाल्याला ऐसपैस बसता येतं, आम्ही मात्र उंबऱ्यावरूनच बोलून निघायचं. दिवाळी अंकाचे संपादक म्हणायचे, चार पानांत बसवा. मी बसवायचो, आणि रविवारी वडगाव निंबाळकरला घरी गेलो की वडिलांना वाचून दाखवायचो.

एका कथेपाशी मात्र आम्हा दोघांचं घोडं अडलं. ती माझ्या आत्याची होती, डाळजला दिलेली. माहेरचा मुराळी न्यायला आल्याशिवाय सासुरवाशिणीनं पंचमीला निघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्या वर्षी वडील मुराळी म्हणून गेलेच नाहीत. नेमकी पाटाच्या पाण्याची पाळी आली होती. पुढच्या पंचमीला आणू, म्हणाले. त्याआधीच आत्या बाळंतपणात गेली.

माझ्या कथेत ती गाठोडं बांधून दारात बसली होती, समोर रिकामा रस्ता, आणि तिथंच कथा संपत होती. मला ते फार जमल्यासारखं वाटायचं.

वाचून झालं की वडील विचारायचे, "मग मुराळी आला का?"

"तात्या, गोष्ट तितंच संपती."

"अजून एक पान लिही की. कागदाला काय तोटा हाय?"

मी चिडायचो. शेवट गोड केला की कथा मेली, असं त्यांना समजावत बसायचो. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या रविवारी तीच कथा परत वाचायला लावायचे.

मग ते आजारी पडले. दवाखान्यातल्या खाटेवरूनही त्यांचं तेच विचारणं चालू होतं, ते मला सोसवेना. एका दुपारी खोलीवर बसून मी ते पान लिहिलं. भाऊ येतो, धोतर चिखलानं भरलेलं. बहीण आधी रुसते, मग पाण्याचा तांब्या देते. दोघं भिगवणच्या रस्त्याला लागतात. लिहिताना मला रडू येत होतं आणि कथेचं वाटोळं होतंय हेही कळत होतं. म्हटलं, खड्ड्यात गेली कथा.

संध्याकाळी त्यांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"काय म्हनली ती त्याला?"

"म्हनली, लई उशीर केलास, दादा."

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "फाडून टाक त्ये पान. लोकांना वाटंल, मी गेलो व्हतो."

कथा रिकाम्या रस्त्यावरच संपवून मी छापायला दिली. अंक आला तेव्हा, मुराळी आला का, असं विचारायला घरी कोणी उरलं नव्हतं.