काकूनं सारखा केलेला पदर

त्या खेपेला मला एसटीवर सोडायला कुणी आलं नाही. पहिल्यांदा पुण्याला शिकायला निघाले तेव्हा अर्धी गल्ली फाट्यावर होती. आई डोळे पुसत म्हणत होती, "शीक, पर लय शानी हू नगंस." आणि काकू, म्हणजे माझी थोरली चुलती, कंडक्टरलाच दम देत होती, "पोरगी एकटी हाय, नीट उतरवा." ह्या खेपेला मी पिशवी घेऊन एकटीच उभी. आई घरातून हलली नाही. काकूनं तोंडही दाखवलं नाही. बरोबरच होतं त्यांचं.

गाव सोडून शहाण्या झालेल्या माझ्यासारख्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. मागं राहिलेल्यांच्या हाती पडलं तर त्यांनी खुशाल शिव्या द्याव्यात.

नव्वदीतली गोष्ट. घरोघर केबल आली होती आणि पॉप गाण्यांचे व्हिडिओ दिवसभर वाजायचे. पुण्यात असे व्हिडिओ बनवणाऱ्या एका मॅडमकडे मी सहायक होते, आणि दर शनिवारी स्त्रीवादी अभ्यासगटात जायचे. दोन्हीकडं शब्द तेच: प्रतिमा, नजर, उपरोध. मॅडमना 'खरंखुरं गाव' हवं होतं. मी म्हटलं, माझं आहे की! कवठे महांकाळच्या पुढं, द्राक्षाच्या बागा, दगडी विहीर, सगळं आहे. लय मिजास होती तेव्हा मला.

जानेवारीत शूटिंग ठरलं. उजेड कोवळा हवा म्हणून दिवस उगवताच सगळे बागेत हजर. गाण्यात शहरातली गायिका गावात येते आणि बायका तिची ओटी भरतात, एवढाच प्रसंग. तिचा पोशाख म्हणजे चार बोटं चोळी आणि बेंबीच्या खाली गुंडाळलेली साडी. मॅडमनी काकूला सांगितलं, ओटी भरल्यासारखं करा. आता आमच्याकडं ओटी कधी भरल्यासारखी करतात का? पहिल्यांदा गावात आलेली, लेकीच्या वयाची पोर! काकूनं लेकीसाठी ठेवलेला खण ट्रंकेतून काढून आणला, नारळ आणला, तांदूळ आणले. पोरीला हळदीकुंकू लावलं आणि ओटीत नारळ घालायच्या आधी तिचा पदर ओढून पोटावरून नीट सारखा केला. कॅमेरा चालूच होता. मॅडम टाळी वाजवून ओरडल्या, "हेच! हेच पाहिजे होतं!"

व्हिडिओ टीव्हीवर आला तेव्हा ते पदर ओढणं तीनदा दाखवलं होतं, आणि दर वेळी मागं भोंगा वाजायचा. काकूचा चेहरा अगदी जवळून, कपाळाला आठ्या. मग गायिका आपल्याकडं बघून डोळा मारते आणि पदर भिरकावून देते. तो डोळा काकू घरी गेल्यावर मारला होता. मला सगळं ठाऊक होतं. क्लॅपची पाटी मीच धरली होती.

आठवड्याभरात गाणं बँडवाल्यांच्या तोंडी. वरातीत गावातली टगी पोरं काकूसमोर येऊन शर्ट वर करायची आणि तोंडानं भोंगा वाजवायची. काकूनं आधी वरात सोडली, मग लग्नकार्यं, मग आठवड्याचा बाजार. आई फोनवर एवढंच म्हणाली, "तुजी काकू आता भाईर पडत न्हाई."

इकडं अभ्यासगटात दोन तट पडले. एकीकडच्या म्हणाल्या, हा बाईच्या शरीराचा बाजार आहे. दुसरीकडच्या म्हणाल्या, छे, हा उपरोध आहे, ती बघणाऱ्यांनाच हसतेय. दोन तास त्या कमरेवर गेले. ती म्हातारी कोण, हे कुणी विचारलं नाही, आणि ती माझी काकू आहे हे मी सांगितलं नाही. लाज वाटली. उलट आमच्या अंकात लेख ठोकून दिला: ती म्हातारी पुरुषसत्तेची पहारेकरी आहे आणि तिला हसणं ही मुक्तीची पहिली पायरी आहे. लेखाचं कौतुक झालं. वर हुरळून जाऊन अंक घरी धाडला. म्हटलं, घरात वाचता कुणाला येतंय, छापलेलं नाव तेवढं बघतील.

आईनं तो गुरुजींकडून वाचून घेतला. ऐकायला काकूला मुद्दाम हाताला धरून घेऊन आली.

सुट्टीत गेले तेव्हा काकू सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "गुरुजी म्हनलं, तू मला पहारेकरी म्हनलीस."

"काकू, त्याचा अर्थ तसा नव्हता गं..."

"मग कसा हुता? तिचं प्वाट दिसतंय म्हनून मी झाकलं, आसं वाटलं व्हय तुला? आगं, पोरगी गारठली हुती! लटालटा कापत हुती. माजा हात लागला तर आंग निस्तं गार. तुमी समदी स्वेटरं घालून उबी, आन तिला कुनी इचारंना."

 त्या पोरीच्या अंगावरचा काटा मीही बघितला होता. बघून मेकअपवालीला हाक मारली होती, "अगं, पावडर लाव जरा, कॅमेऱ्यात दिसतंय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत निघाले. तीच ती खेप.

गावी अजून जाते. काकू आता बाहेर पडते, ती टगी पोरं बाप झाली, गाणंही कुणाच्या लक्षात नाही. पुण्यात मला घर आहे, पण तिथं मी आजारी पडले तर शेजारणीला आठ दिवसांनी कळतं. गावात पडले तर अजून लगेच घरोघर कळेल, असं वाटतं. पण कुणी धावत येईल का, हे विचारायचं धाडस होत नाही. काकू चहा देते, खुर्ची पुसून देते. पूर्वी आल्या आल्या कामाला जुंपायची, चुकलं की पाठीत धपाटा घालायची. आता ताटसुद्धा उचलू देत नाही. एकदा तिचे पाय धरले आणि म्हटलं, काकू, चुकलं माझं. तिनं पाय मागं घेतले, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "आवं, आसं काय करतासा? तुमी शिकलेली मानसं."