वरचीचा आबश्लाग

हॅनोव्हरमध्ये माझ्या वरच्या मजल्यावर एक नागपूरकर मैत्रीण राहते. तिचं सगळंच माझ्या डोळ्यांत खुपतं, हे आधीच सांगून टाकते. तिच्या बाल्कनीत ऊन येतं, माझ्या बाल्कनीत येत नाही. तिची लेक मराठीत उत्तर देते, माझा मुलगा माझ्या आईने काहीही विचारलं तरी जर्मनमध्ये "गेनाऊ", म्हणजे "बरोबर", म्हणून मोकळा. पण खरा जळफळाट सुरू झाला तो गॅसवरून.

आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात भिंतीवर गॅसचा आपापला बॉयलर आहे. नळाचं पाणीही तोच तापवतो आणि खोल्याही. गॅसचा करार आम्ही दोघींनी एकाच दुपारी, माझ्या टेबलावर पोहे खात केला होता. गॅसचा दर दोन वर्षांसाठी पक्का, आणि दर महिन्याला खात्यातून आपोआप जाणारी रक्कम, म्हणजे इथला आबश्लाग, दोघींचा एकशे दहा युरो.

वर्षभराने पत्रं आली. तिचा आबश्लाग ब्याण्णव झाला आणि माझा एकशे चौतीस! अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी ऑफिसातून कंपनीला फोन लावला. "करारात दर पक्का लिहिलाय ना? मग रक्कम वाढलीच कशी?" पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला की पक्का असतो तो एका युनिटचा दर. गेल्या वर्षी तुम्ही जितका गॅस जाळला, त्यावरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधतो आणि त्याचे महिन्याचे हप्ते पाडतो. नवरा आणि मी, दोन इंजिनिअर एका घरात, आणि एवढी साधी गोष्ट आम्हाला फोनवर समजावून घ्यावी लागली.

म्हणजे गॅस जाळला कुणी? आईने. त्या हिवाळ्यात ती पुण्याहून दिवाळीचा फराळ घेऊन आली होती ती थेट संक्रांतीपर्यंत राहिली. हायट्सुंग, म्हणजे खोलीतला हीटर, सगळ्यात वरच्या पाच आकड्यावर, आणि फोडणीचा वास जावा म्हणून खिडकी दिवसभर उघडी. शॉवर तिला चालत नाही, म्हणून बादली मागवलेली, आणि रोज दोन बादल्या कढत पाणी. मी त्याच संध्याकाळी फोनवर तिला बोलले. हसत बोलले, पण बोलले. "आई, तुझ्या बादल्या महागात पडल्या गं. वरचीचं बघ, कसं कमी झालं." ती "हो का," म्हणाली आणि भाजीचं काहीतरी विचारू लागली.

पुढच्या दिवाळीनंतर ती परत आली. या खेपेला मी ऑफिसातून यावं तर हायट्सुंग बंद, आई शाल गुंडाळून सोफ्यावर. "थंडी नाही वाजत?" विचारलं तर म्हणे, "सवय झाली आता." बाथरूम कोरडी ठणठणीत, बादली पालथी. मला वाटलं, सकाळची आंघोळ, संध्याकाळपर्यंत वाळणारच. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. मनातल्या मनात मी वरचीशी शर्यत लावली होती आणि आई माझ्या बाजूने खेळतेय असं मला वाटत होतं.

या जूनमध्ये पत्र आलं. सत्त्याऐंशी! मी चपला न घालताच जिना चढले. तिने दार उघडलं तर तिचंही पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलेलं. एकशे अडतीस. काय आनंद झाला म्हणून सांगू! चेहरा शक्य तितका पाडून मी म्हणाले, "अगंबाई! एवढं कसं काय वाढलं?"

ती चहाचं आधण ठेवत होती. जरा घुटमळली. मग म्हणाली, "काकूंनी सांगू नको म्हटलं होतं. पण आता तू विचारतेयस म्हणून सांगते. तू ऑफिसला गेलीस की त्या वर यायच्या. आंघोळ इथेच. मग पाच वाजेपर्यंत त्या हायट्सुंगपाशी बसायच्या, मी इकडे लॅपटॉपवर. पहिल्या दिवशी कुडकुडत आल्या होत्या गं. मी बादली आणली त्यांच्यासाठी."

मला बसायला खुर्ची सापडेना. तीन महिने माझी आई माझ्या घरात संध्याकाळपुरती होती. तिच्या हातची ज्वारीची भाकरी ही शिकली. माझ्या लहानपणीच्या आजारपणापासून सगळ्या गोष्टी हिने ऐकल्या, हेही आत्ता हिच्याच तोंडून कळलं. आणि ही त्याबद्दल महिनोन् महिने एक अक्षर बोलली नाही! लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही, पण त्याहून जास्त हेवा वाटला.

"वरचे पैसे मी देते," मी म्हणाले. आवाज माझाच मला चिरका वाटला.

"काहीतरीच काय!" तिने कप माझ्यापुढे सरकवला. "पण एक विचारायचंच होतं. या हिवाळ्यात काकू आमच्याकडेच उतरू का विचारत होत्या. व्हिसाचं आमंत्रणाचं पत्र मी दिलं तर चालेल ना तुला?"

मी सत्त्याऐंशीचं पत्र घडी घालून मुठीत धरलं होतं. चहा तिने आईसारखाच केला होता, आलं ठेचून.