मामींच्या सासूबाईंचं सुधारित मराठी

मी कादंबरी लिहायचं ठरवलं तेव्हा सर्वांत जास्त आनंद माझ्या नवऱ्याला झाला. त्याला कादंबऱ्या आवडतात अशातला भाग नाही. कॉलेज सुटल्यापासून त्याने एकही वाचलेली नाही. पण कादंबरी लिहायला सॉफ्टवेअर लागत असणार, आणि सॉफ्टवेअर निवडायला तो लागणार, हे त्याच्या ताबडतोब लक्षात आलं.

आम्ही मूळचे नाशिकचे. तो आयटीत, मी एका मोटार कारखान्याच्या खरेदी विभागात. चेन्नईला आलो आणि सगळ्यांसारखे वेलचेरीत राहिलो, जिथे ऑक्टोबर संपत आला की लोक आपल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात आणि पाणी ओसरेपर्यंत तिकडे फिरकत नाहीत. अशा गावात माणसाला लिहावंसं वाटणं साहजिक आहे.

नवऱ्याने पंधरवडाभर अभ्यास केला. तुलना करणारे व्हिडिओ पाहिले, माझ्याकडून चार प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि शेवटी परदेशातले मोठे लेखक वापरतात म्हणे, असं एक सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर चढवलं. त्यात बुचाचा फळा होता. फळ्यावर कार्डं होती आणि कार्डांना खऱ्यासारख्या दिसणाऱ्या टाचण्या होत्या. प्रत्येक प्रकरणाचं एक कार्ड करायचं आणि ती इकडून तिकडे सरकवायची. मी महिनाभर कार्डं सरकवली. त्यात इतकं समाधान होतं की प्रकरणं लिहायची गरजच वाटेना.

प्रत्येक पात्रासाठी एक अर्जही होता. पात्राची सर्वांत मोठी भीती कोणती, बालपणीची जखम कोणती, ते खिशात काय ठेवतं. माझी नायिका साडी नेसणारी होती. साडीला खिसा नसतो हे त्या सॉफ्टवेअरला सांगायची सोय नव्हती आणि ती चौकट रिकामी सोडली की कोपऱ्यात नारिंगी खूण यायची. ती खूण जावी म्हणून मी एका शनिवारी माझ्या नायिकेला कुर्ता घातला. मग तिचं वय बदललं, मग सासर, मग गाव. ती कुठली बाई होती ते आता मलाही आठवत नाही.

एकाग्रतेसाठी वेगळी सोय होती. बटण दाबलं की पडदा काळा व्हायचा, मधे एकच ओळ उजळ राहायची आणि मागे पावसाचा आवाज लागायचा. वेलचेरीत पावसाचा आवाज ऐकून माणूस एकाग्र होत नाही. तो गाडीची किल्ली शोधायला लागतो. आणि एवढं सगळं करून मी काही लिहिलंच, तर प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. त्या सॉफ्टवेअरला मराठी ही भाषा आहे हेच मान्य नव्हतं. त्याच्या मते मी इंग्रजीच लिहीत होते, फक्त फार वाईट.

अशात एका रविवारी वरच्या मजल्यावरच्या मामी खाली आल्या.

मामी म्हणजे अख्ख्या बिल्डिंगच्या मामी. घराणं तंजावरचं. पूर्वज कधीतरी राजेलोकांच्या मागोमाग तिकडे गेले आणि परत यायचं राहून गेलं. मामी घरात मराठी बोलायच्या, वर्तमानपत्र तमिळ वाचायच्या, आणि मुलींच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. देवनागरी त्यांना दुकानाच्या पाटीपुरती वाचता यायची. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, एखादा जुना ताम्रपट तमिळ चालीत कुणी म्हणून दाखवतंय. त्यांचं माझ्या मराठीबद्दलचं मत त्यांनी कधी सांगितलं नाही. शिक्षिका होत्या, ओठ आवळून धरायची सवय होती.

माझ्याकडे गोष्ट लिहायचं यंत्र आहे असं त्यांना कळलं होतं. त्यांना आपल्या सासूबाईंची गोष्ट लिहायची होती. ती मराठीतच व्हायला हवी, कारण सासूबाई दुसऱ्या कुठल्या भाषेत कधी रागावल्याच नाहीत.

गोष्ट अशी होती. मामींच्या लग्नाआधी केव्हातरी सासऱ्यांनी घरातला झोपाळा सासूबाईंना न विचारता आपल्या बहिणीला देऊन टाकला. झोपाळा सासूबाईंच्या माहेरचा. त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. स्वयंपाक, सणवार, मुलांची लग्नं, सगळं यथासांग केलं, फक्त थेट बोलणं बंद. मामी नवी नवरी म्हणून घरात आल्या आणि पहिल्याच जेवणाला त्यांना आपलं काम कळलं. सासूबाई त्यांच्याकडे बघून म्हणायच्या, पूस त्यांस, ताक पाहिजे की म्हणून. मामी वळून सासऱ्यांना विचारायच्या. सासरे मामींना उत्तर द्यायचे. मामी वळून सासूबाईंना सांगायच्या. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलेली असायची.

हे ऐकून नवरा हललाच. म्हणजे त्याच्या डोळ्यांत एक विशिष्ट चमक आली. मामींनी बोलायचं, फोनने लिहायचं, दहा मिनिटांचं काम, असं त्याने जाहीर केलं. त्याने त्यांच्या फोनवर मराठी श्रुतलेखन सुरू करून दिलं आणि मामी आठवडाभर आपल्या स्वयंपाकघरात फोनशी बोलल्या. फोन आपल्या परीने ऐकत होता. त्यांच्या कापीचं, म्हणजे कॉफीचं, त्याने कॉपी केलं, कुकरच्या शिट्टीचा पूर्णविराम केला आणि मधेच एक अख्खा परिच्छेद हिंदीत लिहिला. तरी बरंचसं उतरलं होतं.

पुढच्या रविवारी नवरा म्हणाला की आता फक्त थोडी सफाई. त्याच्याकडे एक नवीन प्रणाली होती, तिला कुठलाही मजकूर दिला की ती भाषा सुधारून देते. मी म्हटलं, आधी मी वाचते. त्याने बटण दाबलेलं होतं. मजकूर क्षणात सुधारून आला, आणि मामींना वाचायचा त्रास नको म्हणून त्याने तो फोनला मोठ्याने वाचायला सांगितला.

बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात फोन वाचू लागला. मामींच्या सासूबाई आता कुणालाही काही सांगण्याआधी कृपया म्हणत होत्या. झोपाळ्याच्या प्रसंगी त्यांनी आपल्या भावना मोकळेपणाने व्यक्त केल्या. तंजावरकडे पूस म्हणजे विचार. प्रणालीच्या मराठीत पुसणं हे फडक्याने करायचं काम. त्यामुळे ताकाचं वाक्य असं झालं होतं की सासूबाई नव्या सुनेला सांगतात, त्यांना स्वच्छ पुसून घे आणि मग ताक दे. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान डोलावत होता. शेवटी तर सासूसासरे अंगणात एकमेकांच्या डोळ्यांत पाहत उभे राहिले, त्यांना संवादाचं महत्त्व पटलं आणि झोपाळा परत आला.

मामी मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बरे आहे. हे कोणाच्या घरचे?"

नवरा म्हणाला, "मामी, तुमच्याच घरचं. फक्त थोडं सुधारलंय."

"माझी सासू जन्मात सुधारली नाही," मामी म्हणाल्या. "ह्याला कसे जमले?"

यावर नवऱ्याने सेटिंग बदलून पाहतो असं सांगितलं. ते बदलून झाल्यावर सासूबाई थोड्या कमी वेळा कृपया म्हणू लागल्या, पण झोपाळा परत यायचा थांबेना. काहीही केलं तरी दोघांचा समेट व्हायचाच. माणसं शेवटपर्यंत न बोलता राहू शकतात हे त्या प्रणालीला पटवून देणं शक्य नव्हतं. ती बहुधा आमच्या घरी पुरेसा वेळ राहिली नव्हती.

मामींनी फोन पिशवीत टाकला आणि मला विचारलं की तुला टाइप करता येतं ना. त्यानंतर दर शनिवारी सकाळी मी वर जाऊ लागले. मामी बोलायच्या, मी त्या बोलतील तसं लिहायचे. लाल रेघा अर्थातच येत होत्या. एकदा त्यांनी विचारलं, हे खाली काय रक्तासारखं दिसतं आहे. मी सांगितलं की ह्याला तो शब्द ठाऊक नाही, पण आपण शिकवू शकतो. पूस हा शब्द मी त्या सॉफ्टवेअरच्या शब्दकोशात घातला आणि रेघ नाहीशी झाली. जन्मभर मुलींना शिकवलेल्या बाईला इतका आज्ञाधारक विद्यार्थी कधी मिळाला नसावा. त्या दिवसापासून गोष्ट मागे पडली तरी चालेल, पण एकेक शब्द शिकवल्याशिवाय त्या पुढे जाईनात.

पात्रांचा तो अर्ज वाया जाऊ नये म्हणून मी एकदा त्यांना विचारलं, तुमच्या सासूबाईंची सर्वांत मोठी भीती कोणती होती. मामींनी गंभीरपणे विचार केला. म्हणाल्या, ताक आंबेल ही. मी ते चौकटीत लिहिलं. सॉफ्टवेअरने हिरवी खूण दाखवली. माझ्या नायिकेला ती कधी मिळाली नव्हती.

सासऱ्यांच्या मृत्यूचा भाग आला तेव्हा मामींचा आवाज बदलला नाही. त्या भाजी निवडत होत्या. दिवसकार्य झाल्यावर पाहुणे गेले आणि घरात पहिल्यांदा दोघीच जेवायला बसल्या. सासूबाईंनी सवयीने सासऱ्यांच्या पाटाकडे न बघता मामींना सांगितलं, पूस त्यांस, ताक पाहिजे की म्हणून. आणि मामी सवयीने वळल्या. पाट रिकामा होता. त्या परत सासूबाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, नको म्हणतात. सासूबाईंनी ताकाचं भांडं झाकून ठेवलं.

मी टाइप केलं. मामींनी निवडलेली भाजी धुवायला उचलली आणि विचारलं, झाले का लिहून. मी झालं म्हटलं. सुधारित आवृत्तीत हा प्रसंग नव्हताच. तोवर समेट होऊन गेलेला असल्यामुळे त्याची जरूर पडली नसावी.

गोष्ट पुरी झाल्यावर मी ती महाराष्ट्रातल्या एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचा स्वतः फोन आला. गोष्ट त्यांना फार आवडली होती, विशेषतः शेवट. फक्त भाषा अशुद्ध आहे, वाचक गोंधळतील, आणि सून सासऱ्यांना सारखी पुसते ते जरा चमत्कारिक वाटतं. प्रमाण मराठीत करून द्याल का, असं त्यांनी विचारलं. वेळ नसेल तर हल्ली एक बटण असतं, असंही सुचवलं. मी वर जाऊन मामींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांग त्यांस, नको म्हणून." मी संपादकांना तसं कळवलं. त्यांनी बहुधा सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याच सुमारास मी माझ्या कादंबरीतली सगळी कार्डं फळ्यावरून काढून टाकली. सॉफ्टवेअरने दोनदा विचारलं, नक्की का. मग मी साध्या पानावर पहिलं वाक्य लिहिलं. फारसं बरं नाही, पण त्यात एक बाई आहे आणि तिच्या खिशात काय आहे ते मला कुणालाही सांगावं लागत नाही.

गोष्ट वाचून दाखवायची संधी शहरातल्या एग्मोर भागात आली. तिथल्या एका हॉलमध्ये मराठी मंडळी महिन्याकाठी जमतात. पुढच्या रांगांत तंजावरकडचे निवृत्त लोक, मागे महाराष्ट्रातून आलेली आयटीतली पोरं, जी मुख्यतः नंतरच्या बटाटेवड्यांसाठी येतात. अडचण एवढीच होती की मामींना देवनागरी भराभर वाचता येत नव्हती. इथे माझ्या नवऱ्याने एक गोष्ट केली, आणि ती मला मान्य करावी लागते. अख्खा मजकूर त्याने तमिळ लिपीत बदलून, मोठ्या अक्षरांत छापून आणला. तमिळमध्ये क आणि ग यांना एकच अक्षर, त आणि द यांनाही एकच, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ते वाचता आलं नसतं. मामी ते पाण्यासारखं वाचत गेल्या.

ताकाच्या पहिल्या प्रसंगाला मागची पोरं हसली. शेवटच्या प्रसंगाला कुणीतरी वड्यांच्या ताटावरचा कागद काढत होतं, तेही थांबलं. वाचन संपल्यावर नवरा टाळ्या घाईघाईने उरकत होता, कारण त्याला तीन फोनवर लावलेलं रेकॉर्डिंग एकाच वेळी बंद करायचं होतं.

मग पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ काठी टेकत उठले. त्यांनी गोष्टीची स्तुती वगैरे केली नाही. त्यांची आजीही आजोबांशी बोलत नसे म्हणाले, पण त्यांच्या घरी निरोप मधल्या खांबाला सांगायची पद्धत होती, सुनेला नाही. सुनेला मधे घालणं हे त्यांना जरा हलक्या रीतीचं वाटलं. मामी म्हणाल्या की खांब परत येऊन उत्तर कसं देणार. गृहस्थ म्हणाले की उत्तर हवं होतं कोणाला. त्यावर आणखी एका बाईंनी आपल्या मावशीचं नाव काढलं आणि खुर्च्या एकमेकींकडे वळल्या. हॉलच्या रखवालदाराने आधी दिवे कमी केले, मग पंखे बंद केले. कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

परतीच्या गाडीत मामी खिडकीशी बसल्या होत्या. त्या गृहस्थांच्या आजीचं भांडण कशावरून झालं असेल याचे त्या वेलचेरी येईपर्यंत अंदाज बांधत होत्या. दागिना नसावा, जमीन नसावी, दुसरी बाई तर नक्कीच नसावी, कारण त्यासाठी कोणी इतकी वर्षं गप्प बसत नाही. उतरताना त्यांनी मला सांगितलं की पुढच्या महिन्यात ते गृहस्थ आले की त्यांना बाजूला घेऊन नीट विचारायचं, आणि मी लॅपटॉप आणायचा नाही. समोर यंत्र दिसलं की माणसं शुद्ध बोलायला लागतात.