आम्ही जागच्या जागी वाहून गेलो

आमच्या घरची एकुलती एक होडी अरबी समुद्राकडे निघाली होती, तेव्हा ती जागची हललेली नाही असं मी अत्यंत गंभीरपणे जाहीर केलं होतं.

आमचं गाव वसईच्या खाडीकाठी. घरची थोडी भातशेती, थोडा भाजीपाला आणि लहान इंजिनाची ही होडी. गुडघे कुरकुरायला लागल्यावर बाबांनी ती विकायचं ठरवलं. घेणाराही ठरला : गावातले कमळाकरकाका. ते फ्लॅटमधल्या लोकांना खाडीची सैर घडवतात. हे कळताच मी पेटून उठले. (मी महिन्यातून साधारण दोनदा पेटून उठते.) 'होडी गेली की खाडीवरचा आपला हक्क गेला!' असं पत्रक मी त्याच दुपारी लिहिलं आणि घरोघर वाटलं. एक बाबांनाही दिलं. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"लिवलंस चांगलं," ते म्हणाले, "पन होडी चालवनार कोन?"

"मी!"

"बरं. रविवारी चालव. होडी नि मासळी दोन्ही धड घरी आनलीस तर होडी ठेवू. नायतर सोमवारी कमळाकर घेऊन जाईल."

साक्षीदार म्हणून आत्याही आली. आत्या बाबांहून मोठी. तिचं अर्धं आयुष्य खाडीत गळ टाकण्यात गेलंय आणि उरलेलं अर्धं बाबांच्या चुका काढण्यात.

बाबांची मासेमारीची पद्धत अशी : इंजिन बंद करून होडी सोडून द्यायची. ओहोटी बाहेर ओढते, समुद्रावरचा वारा आत ढकलतो. त्या ओढाताणीत होडी रेंगाळते आणि गळ तळाजवळून फिरत राहतो. माझ्या मते हा शुद्ध दैववाद होता. माणसाने स्वतःला असं वाऱ्यावर का सोडावं? मी मोबाईलवर वाचून उपाय शोधला होता : कापडी नांगर. कापडाचं एक मोठं नरसाळं शिवायचं, दोरीने होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधायचं आणि पाण्यात सोडायचं. ते पाण्याने फुगतं आणि होडीला लगाम बसतो.

कापड घरात होतंच. खाडी बचाव मोर्चातला आमचा फलक. (प्लास्टिकचे फलक मी वापरत नाही. तत्त्व!) त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'एक इंचही मागे हटणार नाही'. मी त्याचं नरसाळं शिवलं. आणि नेहमीचा लोखंडी नांगर उचलून धक्क्यावर ठेवून दिला.

"तो असू दे की गं आत," बाबा म्हणाले.

"बाबा, लोखंडी नांगर तळ खरवडतो. माशांची अंडी मरतात. तत्त्वाचा प्रश्न आहे!"

बाबा आत्याकडे बघून गप्प बसले. आमच्या घरात 'तत्त्व' हा शब्द आला की सगळे असेच गप्प बसतात, शाळेत राष्ट्रगीत लागल्यासारखे.

खाडीच्या मध्यावर जाऊन मी इंजिन बंद केलं आणि कापडी नांगर सोडला. तो झकास फुगला. दोरी ताठ झाली. होडीने समुद्राकडे तोंड केलं आणि डुलायचीही थांबली. मी गळ टाकला आणि आजूबाजूला विजयी नजर फिरवली. शेजारी पाण्याची रिकामी बाटली तरंगत होती.

"बघा! दहा मिनिटं झाली, ती बाटली जिथल्या तिथे आहे. म्हणजे आपणही जिथल्या तिथे!"

यानंतर त्या बाटलीच्या निमित्ताने मी प्लास्टिक, भांडवल आणि खाडीचं भवितव्य यांवर थोडं बोलले. बाबांनी एक शिंगाळी पकडली. आत्या मात्र काठावरच्या वसईच्या किल्ल्याकडे बघत होती.

"वैजे, किल्ला सरकतोय."

"किल्ला कसा सरकेल, आत्या?"

"मगाशी लांब पुढं होता. आता उजव्या हाताला आला."

"पण बाटली बघ ना! तसूभर हललेली नाही!"

"बाटली चालली समिंदरात," आत्या शांतपणे म्हणाली, "नि तू पन तिच्यासंगं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कापडी नांगर तळाला धरत नाही, पाण्याला धरतो. आणि पाणीच निघालं होतं! एरवी वारा होडीला मागे ढकलून सांभाळायचा. त्या बिचाऱ्याचा हातच मी बांधून टाकला होता.

आता समोर एकही काठ दिसेना. लाटा उंच झाल्या. बाबा म्हणाले, "आधी दोरी वर घे, मग इंजिन..." पण मी कृतीवर विश्वास ठेवणारी! मी इंजिन सुरू केलं, होडी गर्रकन वळवली आणि थेट दोरीवरून नेली. इंजिनाच्या पंख्याने दोरी भराभरा गिळली, एक खट्ट आवाज आला आणि सगळं शांत झालं. पंखा धरून ठेवणारी खीळ तुटली होती.

"लोखंडी नांगर टाका!" मी ओरडले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. नांगर धक्क्यावर होता. माशांची अंडी सुखरूप होती.

बाबांनी आणि मी वल्ही मारून पाहिली. ओहोटीपुढे आमचं काही चालेना. शेवटी आत्याने कमरेचा मोबाईल काढला.

"कमळाकर? आम्ही समिंदराकडं चाललोय. नाय नाय, मुद्दाम नाय."

कमळाकरकाका आले ते फ्लॅटमधली आठ माणसं घेऊनच. सैर चालू होती ना! त्यांनी आमच्या होडीला दोर लावला. मी ओला कापडी नांगर वर ओढत होते.

"अंकल, हे पण पॅकेजमध्ये आहे का?" एकाने विचारलं.

"अरे, त्यावर काहीतरी लिहिलंय, वाच ना!" टोपीवाली बाई मोबाईल रोखून म्हणाली. मग तिनेच मोठ्याने वाचलं, "एक इंचही मागे हटणार नाही!"

त्याच क्षणी दोराला हिसका बसला आणि आम्ही मागे निघालो. आठही माणसं इतकी हसली की कमळाकरकाकांना ओरडावं लागलं, "सगळे एका बाजूला झुकू नका!"

धक्क्यावर उतरल्यावर मी होडीचा दोर काकांच्या हातात दिला. हरले होते. शब्द म्हणजे शब्द. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ताठ उभी होते.

"घेऊन जा, काका. उद्याची वाट कशाला बघताय?"

काकांनी इंगळी चावल्यासारखा दोर सोडला. "नको गं बाय! तुमचा फोटो आताच दहा जागी गेलाय. वाहून जानारी होडी म्हनून! ही माझ्या धक्क्यावर लागली तर माझ्याकडं बसंल कोन?"

बाबांनी तोंड फिरवलं. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं, पण त्यांचे खांदे हलत होते. त्यांनी होडी खुंट्याला घट्ट बांधली आणि वर आणखी एक गाठ मारली.

अशा रीतीने माझ्या पत्रकातली एक मागणी आयुष्यात पहिल्यांदा पूर्णपणे मान्य झाली. युक्तिवादामुळे नाही, अब्रू गेल्यामुळे.

आता रविवारी बाबा गुडघ्याखाली उशी घेऊन होडी चालवतात, आत्या गळ टाकते आणि मलाही नेतात. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "माझी जबाबदारी काय?"

"तू पुढं बस," बाबा म्हणाले, "इंजिनाच्या वजनानं नाळ उचलते."

गेले चार महिने मी हे काम एकही चूक न करता पार पाडते आहे.