अपग्रेड लांबवण्याची सात कारणं

सर्वर अपग्रेड करू नये यासाठी मी एका कागदावर सात कारणं लिहून काढली होती. सगळी खोटी होती असं नाही, त्यातली दोन-तीन अगदी खरी होती. फक्त जे मुख्य कारण होतं ते त्या कागदावर नव्हतं.

काम यवतमाळच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं. लॅबची छोटी केंद्रं बाहेरगावी होती, दिग्रसला, बोरी अरबला आणि तिकडे वणीजवळ राजूरला. केंद्रावर रक्त घ्यायचं, नमुने गाडीने यवतमाळला यायचे, तपासणी झाली की रिपोर्ट वेबवर चढायचा आणि केंद्रावरचा माणूस तो तिथल्या तिथे छापून पेशंटच्या हातात द्यायचा. हा सगळा कारभार ज्या प्रोग्रामवर चालायचा तो मी लिहिलेला. पण तो ज्या ॲप्लिकेशन सर्वरच्या, म्हणजे प्रोग्राम वेबवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, भरवशावर चालायचा, त्याची आवृत्ती इतकी जुनी झाली होती की बनवणाऱ्यांनीही तिच्याकडे पाहणं सोडलं होतं. तिच्यात मेमरी गळायची, वापरलेली जागा परत मोकळी व्हायचीच नाही. चार-पाच दिवस सुरळीत जायचे, मग पान उघडेना. म्हैस पाण्यात बसावी तसा सर्वर बसायचा, आणि मी घरून जोडणी करून त्याला उठवायचे. उठायला त्याला चार मिनिटं लागायची.

मी पुण्याची नोकरी सोडून यवतमाळला परत आले ती बाबांच्या आजारपणासाठी. दोन वर्षांनी बाबा गेले आणि मी राहिले. परत कुठे जायचं याचा विचारच केला नाही, कारण तिकडेही कोणी वाट बघत बसलं नव्हतं. लग्न केलं नव्हतं. माणसांचा आपल्याला फारसा सोस नाही, असं मी स्वतःबद्दल मोठ्या ताठ्याने सांगत असे. पुण्यात शेजारणीचं दार वाजलं की ती बाहेर यायच्या आत मी जिना उतरलेली असायची. तो ताठा यवतमाळात फार टिकला नाही. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा, भाजीवालीशी चार शब्द व्हायचे, आणि कधी कधी संध्याकाळी लक्षात यायचं की आज आपण आपला आवाज ऐकलेलाच नाही.

आणि मग सर्वर बसायचा, आणि फोन वाजायचा.

आमच्याकडे फोनवर एकदम कामाचं बोलायची रीत नाही, ते उर्मटपणाचं समजतात. बोरीच्या केंद्रावर एक पस्तिशीची बाई होती. ती आधी विचारायची, "ताई, जेवल्या काय?" मग काय भाजी केली, मग आमच्याकडे लाईन, म्हणजे वीज, आहे का, आणि या सगळ्यानंतर, जणू सहज आठवलं म्हणून, सर्वर झोपल्याचं सांगायची. दिग्रसच्या केंद्रावर एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते. आधी त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना सगळे चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. ते हिंदी-मराठीची मिसळ करून माझ्या तब्येतीची विचारपूस करायचे आणि मग मशीन फिरसे बैठ गई असं अपराधी सुरात कळवायचे, जणू त्यांनीच बसवली होती.

पान उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही, अशी पद्धत पडली होती. मीच पाडली होती. आधी खरंच गरज होती, उघडलं की नाही हे त्यांनीच सांगायचं असे. नंतर मला माझ्या स्क्रीनवर ते दिसायला लागलं, तरी मी पद्धत बदलली नाही. त्या चार मिनिटांत मला बोरीच्या बाईच्या सासूचा गुडघा कळायचा, तिच्या मुलीला गणितात का रस नाही ते कळायचं. चाचा केंद्रासमोरून जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या मोजून दाखवायचे. राजूरची मुलगी कमी बोलायची, पण तीही धुळीने खिडकी उघडता येत नाही एवढं तरी सांगायची. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, चार-चार मिनिटं.

नवी आवृत्ती मी बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिली. नव्यात सर्वरच्या आतल्या भागांची बरीच नावं बदलली होती, त्यामुळे माझ्या प्रोग्राममध्ये दोनशेच्या वर ठिकाणी हात घालावा लागला. महिनाभर मी ते काम मन लावून केलं. मग खोटे पेशंट, खोटे रिपोर्ट भरून तो सर्वर सुरू ठेवला. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले, सर्वर बसला नाही. मेमरीच्या वापराची रेघ सपाट, कुठेही चढ नाही. हे काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला त्या रेघेकडे बघून आनंद झाला असता. मी स्क्रीन बंद केली आणि कारणं लिहायला कागद घेतला.

लॅबच्या डॉक्टरांनी अपग्रेड कधी करणार असं विचारलं तेव्हा मी तो सात कारणांचा कागद पुढे केला. जुना डेटा बिघडू शकतो. केंद्रांवरचे कॉम्प्युटर जुने आहेत. छपाईचा भाग नीट तपासायचा राहिला आहे. अशी एकेक भारदस्त कारणं. डॉक्टर भला माणूस, रक्ताच्या पलीकडे कशातलं कळतं असा दावा न करणारा. त्यांनी कागद न वाचताच परत दिला आणि म्हणाले, तुम्हाला कळतं, तुम्ही ठरवा. असा विश्वास कोणी टाकला की माणसाला लाज वाटायला हवी. मला सुटल्यासारखं वाटलं.

चार महिने मी ते असंच ठेवलं.

मग एकदा बोरीचा प्रिंटर अडकायला लागला. फोनवर सांगून जमेना, म्हणून न कळवताच दारव्ह्याच्या बसने निघाले. खरं सांगायचं तर ज्या बाईशी इतकं बोलणं होतं तिला एकदा बघावं, हेही मनात होतं. केंद्रात शिरले तेव्हा पावणेदोन वाजले होते. बाहेरच्या बाकावर एक म्हातारी डोक्यावरून पदर घेऊन बसली होती, शेजारी तिचा मुलगा. मला पाहून म्हातारी सरकली आणि हाताने बाक झटकून जागा करून दिली. तिला वाटलं मीही पेशंटच. तीन दिवसांचा ताप, मुलगा म्हणाला, तांड्यावरून आलो, रिपोर्ट घेऊन समोरच्या डॉक्टरला दाखवायचा आहे, तो दोनला उठून दारव्ह्याला जातो.

आत बोरीची बाई हात बांधून स्क्रीनकडे बघत बसली होती. पान उघडत नव्हतं. मी कोण ते सांगितलं, तर तिला इतका आनंद झाला की आधी माझे दोन्ही हात धरले आणि मग चहा सांगायला निघाली. मी तिला थांबवलं. कधीपासून बंद आहे? साडेबारापासून. बाकीची दोन केंद्रं दुपारी दोनपर्यंत बंद असतात, तिकडून फोन येणार नव्हता. मग फोन का नाही केला?

तिला प्रश्नच विचित्र वाटला असावा.

"तुमची जेवाची टाईम असते ना ताई," ती म्हणाली. "घरी कोनी नाही तुमच्या. एकल्या जीवाचं जेवन तसंच मांगं पडते. म्हून मी दोन वाजेलोक तुम्हाले फोन करतच नाही."

किती दिवसांपासून, हे मी विचारलं नाही. मीच कधीतरी, त्या चार मिनिटांत, सांगितलं असणार की फोन आला की ताट तसंच राहतं. कौतुक करून घ्यायला सांगितलं असणार. आणि या बाईने ते मनावर घेतलं होतं, आणि माझ्या जेवणासाठी बाकावर माणसं बसवून ठेवली होती.

तिच्याच कॉम्प्युटरवरून मी सर्वर उठवला. चार मिनिटं आम्ही तिघं-चौघं त्या पडद्याकडे बघत उभे होतो. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून रिपोर्ट छापला, मुलगा तो घेऊन रस्ता ओलांडून धावला आणि तसाच परत आला. डॉक्टर आज दहा मिनिटं आधीच निघाला होता. म्हातारी उठली, गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबली, आणि मुलाला म्हणाली, उद्या येऊ. परतीच्या बसमध्ये मला स्वतःची किळस आली. तापलेल्या बाईला मी ताटकळत ठेवलं होतं, कशासाठी, तर आपल्याशी कोणीतरी भाजीबद्दल बोलावं म्हणून.

पुढच्या रविवारी सकाळी, केंद्रं बंद असताना, मी अपग्रेड केला. सगळ्याची प्रत काढून ठेवली, जुना सर्वर थांबवला, नवा सुरू केला, एकेक पान उघडून पाहिलं. अकराच्या आत सगळं झालं. सात कारणांपैकी एकही आडवं आलं नाही. छपाईसुद्धा पहिल्या फटक्यात झाली. लॅबच्या डॉक्टरांना कळवलं, ते छान म्हणाले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. गुरुवारी, जुन्या सर्वरचा बसायचा दिवस, मी फोन समोर ठेवून जेवले आणि ताट घासलं. दुसरा आठवडा गेला. दिवसातून कितीदा तरी मी मेमरीची रेघ बघायचे, ती सपाटच असायची. एकदा वाटलं आपणच सर्वर बंद करावा, फक्त चार मिनिटं. तसं केलं नाही, याचं मला बरं वाटतं, पण वाटलं होतं हेही खरं.

अडीच महिने झाल्यावर एका दुपारी मीच बोरीला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला, आणि आवाजात काळजी.

"काहून ताई, बंद पडलं काय?"

नाही, म्हटलं, चालू आहे.

"मंग?"

मागे माणसांचा आवाज येत होता, कोणाचं तरी नाव पुकारलं जात होतं, प्रिंटर चालू होता. सासूचा गुडघा कसा आहे, मुलीचं गणित काय म्हणतं, हे सगळं माझ्याकडे विचारायला तयार होतं, पण काही बिघडलेलं नसताना ते विचारायचं कसं, हे मला येत नव्हतं. चुकून लागला, म्हणाले.

"बरं ताई, ठेवतो मंग," ती म्हणाली. "गर्दी हाये. आता पटापट होऊन राह्यलं ना सारं." आणि तिने फोन ठेवला.