कोकोचे चेंडू

अंधेरीच्या आमच्या चाळीत रेडिओ फक्त शेजारच्या खोलीतल्या एका कारकुनाकडे होता. कसोटी सामना असला की आम्ही तिथे जमायचो. ते साखरेने शिवण रेखलेले, चेंडूसारखे कोकोचे केक पुढे करत आणि घसा खाकरून म्हणत, "घ्या ना, बहिणीने पाठवलेत."

एकदा मी लवकर गेलो, तर हेच स्टोव्हवरच्या वाळूच्या पातेल्यातून केक काढत होते. कोपरापर्यंत कोको.

"कोणाला बोलू नका हं," ते ओशाळून म्हणाले. मी मान डोलावली.

त्या दुपारी वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी दोन केक संपवून विचारलं, "बहिणीला कधी आणतोस रे?"

कारकुनांनी रेडिओ बारीक केला. "मला बहीण नाही. मीच करतो."

मग आजोबांनी बशी पुढे केली.

"मग अजून एक दे. आणि रेडिओ मोठा कर, ओव्हर चाललीय!"